चरगाचा घास आणि माळावरचं खोकड

मंडळी, आधी नावाचा घोळ मिटवू. आपण मराठीत सरसकट 'कोल्हा' म्हणतो, कानडीत 'नरी'. प्राणी मात्र दोन आहेत. उसात दडून रात्री कुई करतो तो कोल्हा, वजन आठ-दहा किलो. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रामदुर्ग, सौंदत्तीकडच्या कोरड्या माळावर दिसतं ते खोकड, जेमतेम दोन-तीन किलोचं. तिन्हीसांजेला वजनाचा अंदाज येत नाही, तेव्हा शेपूट बघा. खोकडाची अंगाच्या निम्म्याहून लांब आणि झुबकेदार, कोल्ह्याची तिसऱ्या हिश्शाइतकी. टोक दोघांचंही काळपट असतं, त्यावर जाऊ नका.

आता सण. मार्गशीर्षातली येळ अमावास्या, म्हणजे कानडीतली एळ्ळ अमावास्या. एळ्ळ म्हणजे तीळ. शेतात पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, भाकरी, कडबू, तिळाची पोळी, भजी, आंबील असा नैवेद्य दाखवायचा आणि 'हुलिगो'ची हाळी देत शेतभर चरग शिंपायचा. कोजागरीच्या शिगी हुणवीलाही चरग असतोच. येळ अमावास्या येते डिसेंबर-जानेवारीत, आणि खोकडांच्या जोड्या जमतात त्याही याच दिवसांत.

चरग हा शिंपायचा घास आहे. कालवलेलं अन्न चिमूट-चिमूट टाकत बांधावरून फिरलं, तर मुंग्या, पाखरं, उंदीर दोन दिवसांत ते संपवतात. एका शेताला दोन-तीन ओंजळी पुष्कळ झाल्या. बिघडतं ते पंगतीनंतर. उरलेलं अन्न पत्रावळ्यांसकट बांधाच्या कोपऱ्यात ओततात, त्या वासावर गावची कुत्री माळापर्यंत येतात, आणि एकदा वाट सापडली की रोज येतात. खोकडाला खरा धोका या कुत्र्यांचा. ती त्याला हुसकतात, पिल्लं मारतात, शिवाय रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग) घेऊन येतात. माळावरच्या खोकडाला लस कोण टोचणार? म्हणून उरलेलं बुट्टीत भरून घरी न्या, गुरांना घाला. खोकडासाठी मुद्दाम काही ठेवू नका. उंदीर, टोळ, भुंगे, वाळवी, बोरं यांवर त्याचं चांगलं भागतं.

गर्भ पन्नासेक दिवसांचा. म्हणजे शिमग्याच्या आगेमागे बिळात दोन ते चार पिल्लं असतात, पहिले काही दिवस डोळेही न उघडलेली. बीळ ओळखायचं असं: किंचित उंचवट्यावर एकापेक्षा जास्त तोंडं, बाहेर ताजी माती, विष्ठेत भुंग्यांची चकचकीत पंखटोपणं आणि बोराच्या बिया. होळीसाठी पोरं काटेरी झुडपं तोडतात ती नेमकी अशाच जागची. त्यातच 'नवं गवत जोमानं येतं' म्हणून माळ पेटवतात. धूर बिळात शिरतो, आई एकेक पिल्लू तोंडात धरून हलवू लागते आणि उघड्यावर कुत्र्यांच्या तावडीत सापडते. होळी गावातच, शेणी-लाकडांची करा. माळावर बीळ दिसलं तर तिथली झुडपं राखा, तोंडं बुजवू नका.

ज्येष्ठात, कारहुणवीच्या म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमाराला, पिल्लं बांधावर खेळताना दिसतात. एकटं पिल्लू म्हणजे पोरकं पिल्लू नव्हे, आई शिकारीला गेलेली असते. उचलून घरी आणलंत तर १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. जखमी असेल तर वनखात्याला कळवा.

दिवसा खोकड दिसलं म्हणजे पिसाळलंच, असं नाही. झोकांड्या खाणं, माणसाला न बुजणं, लाळ गळणं, दिसेल त्याला चावणं ही धोक्याची लक्षणं. कोल्हा, खोकड, कुत्रं, काहीही चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत सिरमही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते स्वतःहून विचारा. दोन इंजेक्शनं घेऊन बरं वाटलं म्हणून पुढची चुकवतात, तेवढं करू नका.

राहता राहिलं शुभशकुनाचं. एखाद्याचं काम फत्ते झालं की कानडीत 'सकाळी नरीचं तोंड पाहून उठलास का?' असं विचारतात. लांबून पाहा, त्याला कुणाची ना नाही. पण जत्रेत तिजोरीत ठेवायला म्हणून 'कोल्ह्याचं शिंग' विकतात, ते घेऊ नका. कोल्ह्याला शिंग नसतं. केसाळ कातड्याच्या तुकड्यात हाडाचा किंवा नखाचा तुकडा बसवून ते तयार करतात.