पाच वेळा विकलेला भोपळा

आदरणीय पाळकसाहेब, मंडळीतील वडीलधारे आणि बंधुभगिनींनो, नाताळच्या तोंडावर ‘भेट कशी द्यावी’ या विषयावर बोलण्यासाठी महिला मंडळाने मला बोलावले, याचा मला मनापासून आनंद आहे. कारण देताना हसणे हा उथळपणा नसून देण्याचाच एक भाग आहे, ही गोष्ट मला कित्येक वर्षांपासून आपल्यापुढे मांडायची होती. त्यासाठी मी आपल्याच सांगलीच्या मंडळीतील एका भोपळ्यापासून सुरुवात करते.

हंगामाच्या सणाला घरचे पीक उपासनेत अर्पण करायचे आणि नंतर आवारात त्याचा लिलाव करायचा, ही रीत आपल्याला नवी नाही. त्या वर्षी टेबलावर तासगावची द्राक्षे होती, हळद होती, गुळाच्या ढेपा होत्या, आणि ओळीच्या अगदी शेवटी देठ वाळलेला, जमिनीला टेकलेल्या बाजूला पिवळट डाग पडलेला एक लाल भोपळा होता. तो आणणाऱ्या आजी चार घरची धुणीभांडी करून पोट भरत. द्राक्षांच्या पेटीशेजारी भोपळा ठेवताना त्यांनी तो पदराने पुसला आणि लगबगीने मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

लिलाव पुकारणाऱ्या दादांचा जन्म मार्केट यार्डात हळदीचे सौदे ऐकण्यात गेलेला. त्यांनी भोपळा दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाले, “ज्याला ज्याला गणितात हा मिळाला असेल, त्याने आज उजळ माथ्याने घरी न्यावा!” आवारात हशा पिकला. तेवढ्यात आपले निवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले. “मी आयुष्यभर भोपळे फुकट वाटले, आज एक विकत घेतो,” असे म्हणून त्यांनी बोली लावली, एक वार, दोन वार, तीन वार होऊन भोपळा घेतला आणि “याची फेरतपासणी व्हावी” म्हणत पुन्हा टेबलावर ठेवला. मग काय, एकाने घ्यायचा, परत अर्पण करायचा आणि दादांनी नव्याने पुकारायचा, असे करत तो भोपळा पाच वेळा विकला गेला. संडे स्कूलची मुले आजींभोवती जमून विचारू लागली, “आजी, तुम्ही यातच बसून आलात का?” आजी म्हणाल्या, “आजून लेकीकडं जायाचंय बाळांनो. तूपरोटी खाऊन येते, मग बसते!” ज्या बाई मघाशी नजर चुकवून मागे बसल्या होत्या, त्या आता सगळ्यांच्या मधोमध उभ्या होत्या. शेवटच्या गिऱ्हाइकाने भोपळा त्यांच्याच घरी पोचवला आणि पुढच्या रविवारी आम्ही सर्वांनी त्याचे घारगे खाल्ले.

याउलट, माझ्या लहानपणी आम्ही ज्या गावी होतो तेथील मंडळीत नाताळच्या देणग्या आकड्यांसह, मोठ्या रकमेपासून उतरत्या क्रमाने वाचून दाखवत. आईचे नाव शेवटी येई. पुढे तिने पाकिटावर नाव घालणे सोडले. मूठ झाकून ती थाळीत पैसे टाकी. ती झाकलेली मूठ मी आजही विसरलेले नाही.

अध्यक्षबाईंची चिठ्ठी आली आहे आणि गायनवृंद तालमीसाठी थांबला आहे, तेव्हा कबूल केलेला मुद्दा थोडक्यात सांगते. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूने सांगितले (मत्तय ६:३). लिलाव तर चारचौघांत होतो. मग हे जुळावे कसे? माझ्या मते ते हशाने जुळते. त्या भोपळ्याचे किती रुपये आले हे आज कोणालाही आठवत नाही, दादांचे वाक्य मात्र सर्वांना पाठ आहे. मायराचे बिशप संत निकोलस यांनी रात्रीच्या अंधारात एका गरिबाच्या घरात गुपचूप सोने टाकले अशी आख्यायिका आहे. आपल्याला तोच आडोसा हसण्यातून मिळतो. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ (२ करिंथ ९:७) या वचनातील मूळ ग्रीक शब्द ‘हिलारोस’ हा प्रसन्न, हसतमुख माणसाचा शब्द आहे. हसणे उपासनेला शोभत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी आपली ख्रिस्ती कीर्तने आठवावीत. शेजारच्या साताऱ्यात १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा स्थापन करणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाची मराठी वाट मंडळीत रुळवली, आणि श्रोत्यांना न हसवणारा कीर्तनकार मी तरी पाहिलेला नाही. पथ्य एवढेच की विनोद वस्तूवर करावा, माणसावर नाही. दादा भोपळ्यावर बोलले, आजींच्या लुगड्यावर नाही.

म्हणून यंदाच्या भेटींवर देणाऱ्याचे नाव आणि किंमत न घालता उखाण्यासारख्या दोन ओळी लिहाव्यात, आणि त्या ख्रिसमस ट्रीपाशी मोठ्याने वाचाव्यात, अशी माझी विनंती आहे. कोणी कोणाला भेट द्यायची हे ठरवण्यासाठी सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या घातलेला बिस्किटांचा डबा दाराशी ठेवला आहे. आजींचीही चिठ्ठी त्यात आहे. ती ज्याच्या हाती येईल त्याने भोपळा मात्र देऊ नये, कारण त्यांच्या वेलाला यंदा सात धरले आहेत.