शेतातच जन्मलेले तण : तणभाताची कुळकथा

श्रोतेहो, नमस्कार. भातखाचरातील तण म्हटले की पाखड, लव्हाळा, माका ही नावे शेतकऱ्याच्या तोंडी सहज येतात. ही तणे कितीही त्रासदायक असली तरी सरावलेल्या नजरेला ती भातापासून वेगळी ओळखता येतात. आज ज्या तणाविषयी मी बोलणार आहे, ते मात्र स्वतःच भात आहे. ओरायझा सटायव्हा ही जी जात आपण पेरतो तीच ही जात, गुणसूत्रांच्या त्याच बारा जोड्या, आणि रोपावस्थेत पानही जवळजवळ तसेच. फरक स्पष्ट होतो तो लोंबी आल्यावर. पुष्कळदा दाण्याला लांब कुसळ असते, तूस काढले की आतला दाणा लाल निघतो, आणि मुख्य म्हणजे विळा लागण्याच्या आधीच दाणे झडून मातीत जातात. याला तणभात म्हणतात. छत्तीसगडमधील शेतकरी त्याला करगा म्हणतो, केरळमधील शेतकरी वरिनेल्लु, आणि इटलीत पो नदीच्या खोऱ्यात त्याचे नाव रिझो क्रोदो असे आहे.

हे तण आले कोठून? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर फार सोपे वाटते, कारण भाताचे रानटी नातेवाईक आपल्या शेतांच्या शेजारीच, तळ्यांच्या आणि ओढ्यांच्या काठी उगवतात. त्यांत ओरायझा निवारा ही वर्षायू जात आहे आणि ओरायझा रुफिपोगॉन ही बहुवर्षायू जात आहे. महाराष्ट्रात रानभाताला देवभात म्हणतात, आणि छत्तीसगडात हलषष्ठीच्या व्रताला नांगर न लावता आलेला पसहर तांदूळच लागतो. तेव्हा रानभाताचे परागकण वाऱ्याने खाचरात आले, संकर झाला आणि तणभात जन्मला, असे मानणे स्वाभाविकच होते. दक्षिण आशियापुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे, कारण येथील तणभाताच्या जनुकसंचात रानभाताचा वाटा दिसतो. पण इटलीत भाताचा हा रानटी पूर्वज नाही, अमेरिकेच्या आर्कान्सा आणि लुइझियाना राज्यांतही नाही, आणि तणभात मात्र या सर्व ठिकाणी ठाण मांडून बसलेला आहे.

या कोड्याची उकल गेल्या दोन दशकांत जनुकशास्त्राने केली, आणि माझ्या मते लागवडीच्या पिकांविषयीच्या आपल्या कल्पनेला धक्का देणारी अशी ती आहे. माणसाने रानभाताला माणसाळवले तेव्हा सर्वांत महत्त्वाचा बदल हा होता की पिकलेला दाणा लोंबीवरच टिकून राहू लागला. दाणा आणि त्याचा देठ यांच्या सांध्यावर पेशींचा एक नाजूक थर असतो. तो विरघळला की दाणा गळतो. चौथ्या गुणसूत्रावरील एसएच-४ या जनुकात डीएनएचे एकच अक्षर बदलल्यामुळे हा थर नीट तयार होईनासा झाला, हे 2006 मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी तांदळाच्या रंगाचाही उलगडा झाला. सातव्या गुणसूत्रावरील आरसी हे जनुक दाण्याच्या सालीला लाल रंग देते, आणि बहुतेक पांढऱ्या तांदळांत या जनुकातील 14 अक्षरे गळून पडलेली आहेत. लाल रंग हा मूळचा, पांढरा हा नंतरचा. कोकणात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या लाल तांदळाला त्यामुळे तणाच्या पंगतीत बसवण्याचे कारण नाही. त्याचा दाणा लाल असला तरी तो झडत नाही.

आता अमेरिकेतील तणभाताकडे पाहू. त्याचे दाणे भराभर झडतात, म्हणून त्यात एसएच-४ चे जुने, रानटी रूप असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याच्यात लागवडीच्या भाताचेच, म्हणजे दाणा धरून ठेवणारे रूप सापडले. अर्थ उघड आहे. हा भात एकदा माणसाळलेला होता, आणि त्यानंतर त्याने दाणे झाडण्याचा गुण दुसऱ्याच जनुकांच्या आधारे पुन्हा मिळवला. बंद झालेले दार त्याने उघडले नाही, खिडकीतून वाट काढली. पुढच्या तपासात आणखी एक गोष्ट हाती आली. लागवडीच्या भाताचे जपोनिका, इंडिका, आउस असे गट पडतात. अमेरिकेत पिकवला जाणारा भात मुख्यतः जपोनिका गटातील आहे, परंतु तेथील तणभाताचे दोन मुख्य प्रकार इंडिका आणि आउस या गटांशी नाते सांगतात. त्यांतील गवती रंगाच्या तुसाचा प्रकार इंडिकाच्या जवळचा आहे, आणि काळ्या तुसाचा, कुसळे असलेला प्रकार आउसच्या. आउस हा बंगाल आणि आसपासच्या प्रदेशातील लवकर पिकणारा भात. तो अमेरिकेत पीक म्हणून रुजला नाही. बियाण्यात मिसळून समुद्र ओलांडून गेला आणि तण म्हणून मात्र रुजला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच तेथील शेतकऱ्यांच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत.

पिकाचे पुन्हा तण होणे ही घटना एकदाच घडलेली नाही. चीन, कोरिया, इटली, अमेरिका या ठिकाणी ती वेगवेगळ्या भातांपासून, स्वतंत्रपणे घडली. प्रत्येक ठिकाणी परिणाम सारखा, पण जनुकीय मार्ग पुष्कळदा निराळा. लाल रंग मात्र वारंवार का दिसतो, याला एक सुंदर कारण आहे. आरसी हे जनुक केवळ रंग देत नाही, ते बीजाची सुप्तावस्थाही वाढवते. लाल दाणा मातीत पडला तरी लगेच रुजत नाही, एखाददोन हंगाम थांबतो, आणि तणाला नेमके तेच हवे असते.

माणसाची नजर हीसुद्धा निवड करणारी शक्ती असते. याचे बोलके उदाहरण ब्रिटिशकाळातील मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या छत्तीसगड आणि आसपासच्या प्रदेशात मिळते. करगा रोपावस्थेत ओळखू येत नाही, म्हणून जांभळ्या पानांचे भाताचे वाण पेरायचे आणि शेतात दिसेल ते हिरवे रोप उपटायचे, अशी युक्ती तेथे योजली गेली. ती काही काळ उत्तम चालली. भात हे मुख्यतः स्वपरागीभवन करणारे पीक आहे, परपरागीभवनाचे प्रमाण साधारण एक टक्क्याहूनही कमी. पण लाखो रोपांच्या शेतात तेवढे पुरेसे ठरते. काही तणरोपांत जांभळा रंग आला, खुरपणीतून तीच वाचली, त्यांचेच बी पडले, आणि काही वर्षांत तणही जांभळे झाले.

अलीकडच्या काळात या तणाला बळ मिळाले ते पेरणीच्या पद्धतीतील बदलामुळे. चिखलणी करून लावणी केली की उभ्या पाण्यात तणाचे बी दबते आणि ओळीबाहेरचे रोप चटकन दिसते. मजुरी परवडेना म्हणून मलेशियात शेतकरी थेट पेरणीकडे वळले, तेव्हा 1980 च्या दशकाच्या अखेरीस तेथे तणभाताने डोके वर काढले. पूर्व विदर्भात आवत्या पद्धतीने फेकून पेरलेल्या धानालाही हा धोका लागू होतो, आणि थेट पेरणीचा प्रसार करताना त्याचा उल्लेख फारसा होत नाही, हे मला खटकते.

तणनाशकाने हे तण मारता येत नाही, कारण जे त्याला मारते ते पिकालाही मारते. यावर उपाय म्हणून अमेरिकेत 2002 पासून इमिडॅझोलिनोन गटातील तणनाशक सहन करणारे भाताचे वाण आले. ही सहनशक्ती दुसऱ्या जीवाचे जनुक घालून आणलेली नाही, हे तणनाशक ज्या एएलएस जनुकाच्या कामावर घाव घालते, भाताच्याच त्या जनुकातील उत्परिवर्तनातून, म्हणजे बदलातून, ती आली आहे. सुरुवातीला शेते स्वच्छ झाली. नंतर पीक आणि तण यांच्या संकरातून ते उत्परिवर्तन तणभातात उतरले, आणि सुमारे दहा वर्षांत तणनाशकाला न जुमानणारी संकरित तणे तेथील अनेक शेतांत आढळू लागली. भारतात 2021 मध्ये भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा बासमती 1979’ आणि ‘पुसा बासमती 1985’ या नावांचे वाण याच तत्त्वावर प्रसारित झाले. त्यांतील सहनशक्तीचा मूळ स्रोत नगीना-22 या वाणाचा एक उत्परिवर्तित प्रकार आहे, आणि नगीना-22 हा आउस गटातलाच, म्हणजे अमेरिकेतील काळ्या तुसाच्या तणाचा भाऊबंद. आपल्याकडे तर शेताच्या बांधापलीकडे रानभातही आहे. म्हणून हे वाण एकाच शेतात सलग हंगामांत घेऊ नयेत, आधी ओलित करून उगवलेले तण मोडून मगच पेरणी करावी, फवारणीनंतरही उरलेली कुसळवाली रोपे दाणे झडण्याआधी हाताने उपटावीत, आणि पेरणीपूर्वी बियाण्यातील मूठभर दाण्यांचे तूस काढून त्यांत लाल दाणे नाहीत ना, हे पाहावे.