आधी कागद, मग मूर्ती

नमस्कार श्रोतेहो. पुरातन वस्तू जमवणाऱ्याची नजर आधी वस्तूवर जाते, ती जाणारच. पण व्यवहार ठरायच्या आधी सोबतचे कागदही भिंगाखाली घालायला हवेत.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2017 मध्ये नेजेमांख या पुरोहिताची सोन्याने मढवलेली शवपेटी सुमारे 40 लाख डॉलरना घेतली. सोबत मे 1971 चा इजिप्शियन निर्यात परवाना होता. त्यावर शिक्का मात्र 'अरब रिपब्लिक ऑफ इजिप्त'चा. देशाला ते नाव मिळालं सप्टेंबर 1971 मध्ये! पेटी खरी तर इजिप्तमधल्या 2011 च्या उठावाच्या धामधुमीत चोरली गेली होती. 2019 मध्ये ती इजिप्तला परत गेली. इजिप्तने 1983 च्या कायद्याने पुराणवस्तूंचा व्यापार बंद केला. त्याआधीची तारीख घालण्याचा मोह कशामुळे, हे त्यावरून कळतं.

याच्या उलटही घडतं. इंग्लंडमधल्या बोल्टनच्या म्युझियमने 2003 मध्ये चार लाख पौंडांहून अधिक मोजून 'अमार्ना प्रिन्सेस' ही प्राचीन इजिप्शियन म्हणून विकली गेलेली मूर्ती घेतली. पुराव्यादाखल दिलेला लिलावाचा 1892 चा कॅटलॉग अस्सल होता, त्यातली नोंद मात्र मोघम. त्या नोंदीत बसेल अशी मूर्ती नंतर घडवली गेली. म्हणून नोंदीत उंची, वजन, तुटकी जागा किंवा फोटो यांपैकी काहीतरी याच वस्तूशी जुळलं पाहिजे. 'जुन्या युरोपीय संग्रहातून' एवढंच लिहिलं असेल, तर ते न लिहिल्यातच जमा.

पत्राच्या मथळ्यावरचा फोन नंबर बघा. त्या काळी तिथे तेवढे आकडे होते का? मालकांची साखळी आजपासून मागे न्या. पुराणवस्तूंची चोरटी ने-आण रोखण्यासाठीच्या 1970 च्या युनेस्को करारापूर्वीचा पुरावा बरीच म्युझियम मागतात. चोरीच्या वस्तूंची इंटरपोलची यादी मोबाइलवर फुकट पाहता येते.

भाजलेल्या मातीच्या वस्तूसाठी थर्मोल्युमिनेसन्स चाचणी आहे. चिमूटभर भुकटी लागते, पण ती दोन-तीन ठिकाणांहून घ्यायला सांगा, कारण जुना तळ आणि नवं अंग असा सांधा सर्रास मिळतो. ही चाचणी वय सांगते. वस्तू कुठून, कशी बाहेर आली, याबद्दल तिच्याकडे उत्तर नसतं.

आणि हो, तळाचं जीर्ण लेबल किंवा रंगवलेला क्रमांक साफसफाईत पुसू नका. ॲसिटोनच्या एका बोळ्याने ते जातं. हात लावायच्या आधी तळासकट सगळ्या बाजूंचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून.