पायांच्या आवाजावर मात करणारी गिटार

नाचाचा वर्ग. लाकडी जमीन, चारी बाजूंना आरसे, आणि एका लयीत आपटणारे दहा-बारा जोड बूट. टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले. फ्लेमेंको या स्पॅनिश नाचात पायांनी ताल वाजवतात, त्याला सापातेआदो म्हणतात. कोपऱ्यात गिटारवादक बसलाय. त्याचा हात जोरात चाललेला दिसतो, ऐकू मात्र काही येत नाही.

खरं तर त्याचं वाद्य नाचाच्या साथीसाठीच घडलेलं. पाठ आणि कडा सायप्रस लाकडाच्या, वरचा पडदा, म्हणजे तारांखालची पुढची फळी, स्प्रूस लाकडाची, अंग पातळ आणि हलकं. तारा पडद्यालगत, घोडीपाशी जेमतेम आठेक मिलिमीटर उंच. सूर तडकन उठतो आणि लगेच विरतो. सोलेआ या फ्लेमेंको प्रकाराच्या बारा मात्रांत तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर आघात येतात. ते स्वच्छ हवेत, म्हणूनच सुराचं हे अल्पायुष्य. एका नर्तकीला ही गिटार पुरते. अख्ख्या वर्गाला नाही.

मग पिकअप आला, म्हणजे गिटारची कंपनं विजेत बदलून आवाज वाढवणाऱ्या यंत्राकडे, अँपकडे, पाठवणारा भाग. तारा नायलॉनच्या, त्यामुळे इलेक्ट्रिक गिटारचा चुंबकी पिकअप इथे मुका. घोडीवरच्या हाडाच्या पट्टीखाली पिएझोची बारीक पट्टी बसवतात. ती दाबातल्या कंपनांची वीज करते. आवाज थोडा कोरडा, कडक येतो. मैफलीत तो खटकेल. वर्गात मला तो चालतो, कारण पायांच्या गोंगाटातून वाट काढतो तो हा कडकपणाच.

खरी परीक्षा गोल्पेची. अनामिकेनं पडद्यावर मारलेली ही टकटक झेलायला तिथे गोल्पेआदोर नावाची पातळ पट्टी चिकटवलेली असते. विनाअँप ती टकटक कोरडी, नेमकी. पिएझोतून गेली की तिचा धप्प असा ढोल होतो, आणि वर्गाला वाटतं, कुणाचा तरी पाय चुकला! पडद्याला चिकटवायचे पिकअप तर याहून वाईट. ते लाकडाचीच हालचाल टिपतात. माइक सर्वांत खरा आवाज देतो, पण तो बूटही तितक्याच प्रेमानं ऐकतो.

म्हणून वर्गासाठी गिटार घेताना, दुकानात ती अँपला जोडल्यावर आधी सुरेल काही वाजवू नका. बुलेरियास हा जलद फ्लेमेंको ताल धरा, गोल्पे मारा, शेजारच्याला पाय आपटायला सांगा. मग खर्ज कमी करून पाहा. तरीही ढोल उरला, तर ती गिटार परत ठेवा.

दुकानदार बहुधा इलेक्ट्रो-क्लासिकल, म्हणजे पिकअप बसवलेली क्लासिकल गिटार, पुढे करेल. तिच्या तारा उंच, गोल्पेआदोर नाही, आणि रोझवूडची असली तर सूर रेंगाळतो; पायांच्या जलद बोलांत त्याचा चिखल होतो. अरुंद मानेच्या, साधारण ४८ मिलिमीटरच्या गिटारी इलेक्ट्रिकवरून येणाऱ्यांना सोयीच्या. बोटं झपाट्यानं उलगडत तारा छेडायच्या रास्गेआदोला मात्र ५२च्या आसपासची ऐसपैस मान बरी. गोडिन कंपनीच्या मल्टिअ‍ॅकसारख्या, लाकडात पोकळ कप्पे कोरलेल्या गिटारी अँपपुढे किंचाळत नाहीत, म्हणजे अँपचाच आवाज पुन्हा टिपून शिट्टी घालत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण त्यांच्यावरचा गोल्पे म्हणजे पाटावर मारलेली टिचकी.

पोकळ गिटार किंचाळते ती बहुतेकदा १०० हर्ट्झच्या आगेमागे, कारण तिच्या पोटातली हवा तिथेच घुमते. नॉच फिल्टर, म्हणजे तेवढीच एक कंपनसंख्या कापणारी सोय, असलेला अँप घ्या, नाहीतर ध्वनिछिद्राला रबरी झाकण लावा. साठेक वॅट भरपूर झाले. अँप जमिनीवर ठेवू नका, तिच्यातून बुटांचे हादरे येतात. खुर्चीवर ठेवा, तोंड नाचणाऱ्यांकडे.

माझा कल विचाराल तर साधी, पिकअप नसलेली, हाताला गोड लागणारी सायप्रसची गिटार आधी निवडावी आणि पिएझो नंतर कारागिराकडून बसवून घ्यावा. इलेक्ट्रॉनिक्स लाकडाच्या आधी जुनं होतं, तेव्हा ते बदलता येतं. फक्त कारागिराला एक आठवण करून द्या: पिएझोच्या जाडीइतकं हाड खालून घासायचं, नाहीतर तारा उंच होतील.