नाताळच्या पैशाला झोपू द्या

पाळकसाहेब, महिला संघाच्या भगिनींनो, आणि मागं दाराला टेकून उभी राहिलेली पोरं, आत या की. व्याख्यान आहे, वर्गणी मागत नाही. (हशा)

विषय दिलाय ‘नाताळच्या खर्चासाठी सुरक्षित बचत खातं’. वेळ पंचवीस मिनिटं. बरीच वर्षं बँकेच्या काऊंटरवर बसलो, त्यामुळं समोर रांग नसली की बोलणं लांबतं. आधी आमच्या घरची पिग्मी सांगतो, मग खात्याकडं येतो.

पिग्मी म्हणजे काय हे बेळगावात कुणाला सांगायला नको. कल्पनाही आपल्या कर्नाटकातलीच. पुढं सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या उडुपीच्या बँकेनं ती १९२८ साली काढली. रोज दोन आणे, आणि माणूस दारात येऊन घेऊन जायचा. ती बँक २०२० साली कॅनरा बँकेत गेली, पण पिग्मी हा शब्द राहिला. चांगला शब्द राहिला की त्याच्या आडून कोणीही धंदा करतो.

आमच्याकडं पिग्मीवाले मामा यायचे लुनावरून, साडेअकराला. आईचं पिवळं कार्ड चुलीमागच्या फळीवर, मिठाच्या बरणीखाली. रोज दहा रुपये. मामा कार्डावर तारखेच्या चौकटीत बारीक सही करायचे. पावसाळ्यात ती सही पसरायची, तर आई वर टिपकागद दाबायची. हे पैसे फक्त नाताळचे. करंज्या, शंकरपाळ्या, आम्हा तिघांचे कपडे आणि केक. केकचं मिश्रण घरी घोटून डबा कॅम्पातल्या बेकरीत न्यायचा, डब्यावर नावाची चिठ्ठी. एका वर्षी चिठ्ठी सुटली आणि आम्ही दुसऱ्याच कुणाचा तरी केक खाल्ला. आमच्यापेक्षा चांगला होता, म्हणून आईनं चौकशी केली नाही. (हशा)

१९९९ चा डिसेंबर. मामा ज्या सहकारी सोसायटीसाठी पैसे गोळा करायचे, तिथं आई पैसे काढायला गेली, मी बरोबर. नाव घेत नाही, आता ती नाहीच. शटर अर्धं खाली, त्यावर कागद चिकटवलेला: ‘व्यवहार तात्पुरते बंद’. कन्नडमध्ये आणि मराठीत, दोन्हीत! पाटीच्या भाषेवरून आपल्याकडं किती वर्षं भांडणं चालली, पण पैसे बुडवताना त्या माणसानं दोन्ही भाषांना समान न्याय दिला. (मोठा हशा)

साडेतीन हजाराच्या आसपास होते. चोवीस तारखेला संध्याकाळी मामा घरी आले, लुना नव्हती, विकली होती. त्यांचे स्वतःचेही पैसे त्यातच होते, आणि गल्लीत लोक त्यांनाच शिव्या घालत होते. ओट्यावर बसून राहिले. आईनं त्यांना चहा दिला. मग म्हणाली, “मामा, व्याज जास्त मिळतंय म्हणून मीच तुमच्याकडं आले होते की.”

त्या जास्तीच्या व्याजाचा हिशेब मी पुढं नोकरीला लागल्यावर मांडला. आजच्या आकड्यांत सांगतो. महिन्याला दीड हजार टाका, वर्षाचे अठरा हजार. साडेसहा टक्के धरले, तर वर्षाअखेर साधारण साडेसहाशे व्याज. कुणी नऊ टक्के देतो म्हणाला, तर पावणेनऊशे. फरक सव्वादोनशे-अडीचशेचा. पाव किलो मटणासाठी अठरा हजार टांगणीला लावायचे? दर महिन्याला पैसा जातो आणि वर्षाच्या आतच निघतो, त्याला व्याज खायला वेळच मिळत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सणाच्या पैशाला धावायला लावू नका, झोपू द्या. फक्त झोपतोय ते घर कुणाचं, हे बघा.

हे फक्त आपल्याकडंच घडतं असंही नाही. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी होती. लोक वर्षभर हप्ते भरायचे, नाताळला खाऊची पेटी नाहीतर व्हाउचर घ्यायचे. २००६ च्या ऑक्टोबरात ती बुडाली. एक लाखाहून जास्त कुटुंबं, तीही ऐन सणाच्या तोंडावर. ती बँक नव्हतीच, म्हणून ठेवींचा विमाही नव्हता.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, आता पळतो.

बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव-विमा संस्थेचा विमा असतो. फेब्रुवारी २०२० पासून दर बँकेत माणशी पाच लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून. नागरी सहकारी बँकांनाही तो आहे. पण आपल्या कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी सोसायट्या, पतसंस्था यांना नाही. पाटीवर ‘बँक’ लिहिलंय म्हणून फसू नका. सोसायट्या हा शब्द लावतात म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०२१ साली जाहीर इशारा दिला होता. आणि विमा असला तरी पैसे त्याच दिवशी मिळत नाहीत. बँकेवर निर्बंध आले तर कायद्यानं नव्वद दिवसांची मुदत आहे. म्हणजे ऑक्टोबरात टाळं लागलं तर करंज्या जानेवारीत. म्हणून सणाच्या पैशासाठी सरकारी बँक किंवा पोस्ट.

पोस्टाचं साधं बचत खातं पाचशे रुपयांत उघडतं, चार टक्के व्याज, मागं केंद्र सरकार. पण पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठराविक हप्ता भरायची ठेव, पाच वर्षांची असते, तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, ती नाताळच्या कामाची नाही. वर्षाची आरडी हवी तर बँकेत. आणि ती याच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा, जानेवारीत नव्हे. जानेवारीत काढली तर पुढल्या जानेवारीत सुटेल, तेव्हा येशूबाळ तीन आठवड्यांचं झालेलं असेल. (हशा) वारसदाराचं नाव घाला. त्या खात्याला फोनवरचं पेमेंट जोडू नका.

भिशीचं राहिलंच. भिशी करा, पण तिला बचत म्हणू नका.

मावशी, तुमचा हात मघापासून वर आहे. पिग्मी बंद करू काय? मला आधी सांगा, कार्डावर नाव कुणाचं छापलंय? आणलंय कार्ड? द्या बघू इकडं, चष्मा काढतो.