बांधावर यंत्र उचलायचं कोणी?

मंडळी, ओळख करून देताना मला आत्ता 'प्रगतिशील शेतकरी' म्हटलं गेलं. तेवढं खोडून टाका. मी शाळामास्तर. शेती दादा-वहिनी करतात, आणि मी सुट्टीत बांधावर उभा राहून सूचना देतो. त्या सूचना आणायच्या कुठून, तर कृषी प्रदर्शनातून. आपल्या दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे प्रदर्शनं, मेळावे हे आपल्याला नवीन नाही. वर्षानुवर्षं मी एकटाच जायचो आणि पिशवीभर माहितीपत्रकं घेऊन यायचो. ती अजून आमच्या माळ्यावर आहेत. उंदरांना त्यांतलं बरंच पाठ झालं असेल.

एका जानेवारीत मात्र सगळं घर निघालं. मुंबईचे काका आले होते, त्यांनी भाड्याची गाडी ठरवली आणि 'सगळेच चला' म्हणाले. दादा, वहिनी, आई, पोरं, मी. वहिनी गुरांचं करून, भाकऱ्या बांधून शेवटी गाडीत बसली. दारं लावल्यावर म्हणाली, 'मी येऊन काय करू? मला कुठं काय कळतं?' हे वाक्य लक्षात ठेवा.

मांडवात शिरताच पोरं कपिला गायीकडे पळाली. कोकण कपिला म्हणजे आपलीच बुटकी, काटक, डोंगर चढणारी गाय. लहानपणापासून गोठ्यात बघतोय, पण तिच्या गळ्याजवळ पाटी लावल्यावर ती एकदम पाहुणी वाटायला लागली. पोरांना तिथेच सोडलं.

पुढे यंत्रं होती. दादा छोट्या पॉवर टिलरभोवती, म्हणजे नांगरणीच्या यंत्राभोवती, फिरत होता. किती हॉर्सपॉवर, डिझेल किती खातं, अनुदान किती. सगळे पुरुष हेच विचारत होते, आणि विक्रेत्याला उत्तरं तोंडपाठ होती. वहिनी मागे उभी होती. ती हळूच पुढे झाली, दोन्ही हातांनी मूठ धरून यंत्र जरा उचलून बघितलं आणि म्हणाली, 'आमचे कुणगे खालीवर आहेत. एका कुणग्यातनं दुसऱ्यात नेताना बांधावर हे उचलायचं कोणी?' विक्रेता थांबला. म्हणाला, 'दोन माणसं लागतील, ताई.' वहिनी म्हणाली, 'दुसरं माणूस असतं तर यंत्र कशाला घेतलं असतं?'

आमची सगळी भातशेती उताराला, पायऱ्यांसारखी. एकेक कुणगा, म्हणजे भाताचं खाचर, या सभागृहाएवढाही नाही. मी दहा वर्षं त्या यंत्राची पत्रकं आणत होतो आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. पडेल कसा? मी ते उचलणार नव्हतो.

आईचंही तसंच. नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवायची काठी, मांडला होता. आपल्याच विद्यापीठाचा, देठ कापायला पातं असलेला. तिथला मुलगा सांगत होता की आंबा देठासकट उतरला तर चीक सालीवर ओघळत नाही, डाग पडत नाहीत. आई म्हणाली, 'डाग मला सांगू नकोस, आढी मी लावते.' पेंढ्यात आंबे घालताना डागाळलेलं फळ वेगळं काढणं हे तिचं पन्नास वर्षांचं काम. तिनं काठी हातात घेतली, तोल बघितला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, 'हे बोथट झालं की नवं कुठं मिळतं?' तो मुलगा आत विचारायला गेला.

कलमांच्या दालनात मात्र आम्ही सगळेच गप्प झालो. त्याला कारण आहे. वडिलांनी अशाच एका ठिकाणाहून रत्ना आणलं होतं. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ चा, साका न होणारा, म्हणजे आतून गर न बिघडणारा. तीन पावसाळे झाड जोमात वाढलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. त्यात आमच्या जुन्या पोफळी गेल्या, माड गेले, आणि हे कलमही मोडलं. वादळानंच मोडलं असं आम्ही धरून चाललो होतो. आईनं बुंधा बघितला. बरोबर सांध्यावर मोडलेला, आणि सालीत रुतून बसलेली प्लॅस्टिकची पट्टी. कलम बांधतात ती. सांधा जुळल्यावर ती सोडायची असते. विकणाऱ्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. झाड जाड होत गेलं आणि पट्टी तिथल्या तिथे आवळत गेली. वादळ फक्त निमित्त.

म्हणून या वेळी आईनं प्रत्येक कलम खालून वर बघितलं. पट्टी आहे का, सांध्याच्या खाली खुंटाला, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याला, फूट आली आहे का. खालची फूट ठेवली तर खुंटच वाढतो आणि वरचं कलम मरतं. मग 'रत्ना लावला आणि रायवळ आला' अशी ओरड. आम्ही आंबा घेतला नाही. रातांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन कलमं घेतली. रातांब्यात नर-मादी झाडं वेगळी. बी रुजवून लावलेलं झाड नर निघालं, तर सहा-सात वर्षं पाणी घालून हाती पानंच. आमच्या परसात असा एक नर आहे, सावलीला उत्तम. मादीच्या फांदीचं कलम असलं की ती धाकधूक नाही. काका हे ऐकून जाम हसले. चाळीस वर्षं आमसुलं खात होते, त्यांना हे ठाऊक नव्हतं.

जेवणाचं थोडक्यात सांगतो. बचत गटाच्या बायकांकडे घावणे आणि कुळथाची पिठी, उत्तम. बांधून आणलेल्या भाकऱ्या परत घरी आल्या, त्यावरून गाडीत बोलणी खाल्ली.

जेवून योजनांच्या टेबलाशी गेलो. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबागा सुरू झाल्या, त्यानंच कोकणातले वरकस डोंगर आंबा-काजूनं भरले. आम्हालाही काजू लावायचा होता. टेबलावरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, 'सातबाऱ्यावर नावं किती?' आम्ही बोटांवर मोजायला लागलो. काका, आत्या, चुलत भाऊ, मी, दादा. अकरा झाली. 'सगळ्यांची संमती लागेल.' त्यातले बरेचसे ठाणे-डोंबिवलीला. काकांनी तिथेच फोन लावायला सुरुवात केली, आणि मी कधी पाहिलं नव्हतं इतक्या झटपट चार जण हो म्हणाले. एकट्यानं गेलो असतो तर मी फॉर्म घेऊन माळ्यावर टाकला असता.

पण मोजताना वहिनी शेजारीच उभी होती. अकरा नावांत तिचं नाव नाही. लावणी तिची, कापणी तिची, गुरं तिची, बांधावरचा प्रश्न तिचा. बाईंनी सहज विचारलं, 'शेती प्रत्यक्ष कोण करतं?' दादानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग वहिनीकडे बोट दाखवलं. वहिनी कलमाची पिशवी सारखी करत होती.

येताना तिनं स्वतःच्या पैशांनी एक वस्तू घेतली. खुणांची नायलॉनची दोरी. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत १५ आणि २५ सेंटिमीटरवर आलटूनपालटून चूड, म्हणजे भातरोपांच्या जुड्या, लावतात आणि लहान चौकोनात, चार चुडांच्या मधोमध खताची गोळी खोचतात. खत पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जात नाही. हे मी घरी निदान पाच वेळा वाचून दाखवलं होतं. त्या दुकानात एका बाईनं मातीच्या ट्रेमध्ये हातानं करून दाखवलं, वहिनीनं दोन चूड स्वतः लावून बघितले, आणि संपलं.

त्या जुलैत एकाच कुणग्यात दोरी ताणली. एक टोक वहिनीकडे, दुसरं धरायला माणूस नव्हतं, म्हणून मला बांधावरून खाली उतरावं लागलं. गुडघाभर चिखलात चार तास. पाठ किती दुखली ते सांगत नाही, इथे माझे विद्यार्थी बसलेत.

यंदाही जायचं ठरतंय. गाडी मोठी बघावी लागणार. वहिनीनं वाडीतल्या तिघींना सांगून ठेवलंय.