जिच्या हाती लाटणं, तीच मालक

[दृश्य : पहाट. शाखेतली पीठ मळण्याची खोली. ओट्यावर पिठाचे ढीग.]

उजाडायला अजून वेळ आहे. शाखेतले दिवे लागलेत आणि पीठ मळणाऱ्या बहिणींनी पदर खोचलेत. उडदाचं पीठ, त्यात पापडखार, मीठ, हिंग आणि जाडसर भरडलेली मिरी. पाणी बेतानंच घालायचं. उडदाचं पीठ चिवट. जरा सैल पडलं तर पोळपाटाला धरतं, घट्ट राहिलं तर पापडाची कड चिरते. या ताईंचे हात पाहा. सगळा जोर खांद्यातून येतोय. पिठाला चकाकी येईपर्यंत त्या थांबणार नाहीत.

ही 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड'ची शाखा आहे. इथे सभासद बायकांना बहिणी म्हणतात. उडीद म्यानमारहून येतो, हिंग अफगाणिस्तानातून, मिरी केरळातून. खरेदी एका ठिकाणी होते आणि तिथून माल देशभरातल्या शाखांना जातो. शाखा कुठलीही असो, सामान तेच आणि प्रमाणही तेच. नागपुरात घेतलेला पापड आणि दिल्लीत घेतलेला पापड एकाच चवीचा लागतो, तो यामुळे.

[दृश्य : मिनीबस थांबते. हातात डबे घेतलेल्या बायका उतरतात.]

बस आली. संस्थेचीच बस. प्रत्येकीच्या हातातल्या डब्यात काल नेलेल्या पिठाचे पापड आहेत, घरी लाटलेले आणि वाळवलेले. आधी ते द्यायचे, मग आजचं पीठ घ्यायचं. रांग लांब आहे, पण भराभर पुढे सरकते, कारण कुणाला कुठे उभं राहायचं हे सांगावं लागत नाही.

[दृश्य : तपासणीचं टेबल. जवळून.]

इथे थोडं थांबूया. या टेबलावर काय चालतं, ते नीट बघण्यासारखं आहे.

चवड पुढे येते. तपासणाऱ्या ताई मधूनच एक पापड उचलतात आणि उजेडाकडे धरतात. पातळ पापडातून उजेड झिरपतो आणि जिथे जाडी कमीजास्त झाली आहे तिथे सावली दिसते. मग कडेवरून बोट फिरतं. मग माप. मग तो पुरता वाळलाय का, ते. शेवटी वजन, पीठ वाळताना येणारी घट हिशेबात धरून. या चवडीतले काही पापड बाजूला काढले गेले. ज्यांचे होते त्यांनी ते पाहिलं, मान हलवली. वाद झाला नाही.

वाद का झाला नाही, याचं उत्तर मिळालं की ही संस्था समजते. टेबलाच्या अलीकडे उभी असलेली बाई मालक आहे आणि पलीकडची बाईही मालक आहे. दोघींचा हिस्सा सारखा. जाड लाटलेला एक पापड पाकिटात गेला आणि गिऱ्हाईक नाराज झालं, तर नुकसान दोघींचं. तपासणाऱ्या ताईही कधीकाळी लाटणं घेऊनच बसायच्या. त्यांना चूक दिसते आणि ती कशामुळे झाली तेही कळतं. माणसं सांभाळण्याचे धडे मोठमोठ्या संस्थांत शिकवले जातात. या टेबलावर ते रोज सकाळी गिरवले जातात, आणि आम्हाला ही गोष्ट सांगावीशी वाटली ती याच टेबलामुळे.

[दृश्य : गिरगावातल्या गल्ल्या, जुन्या इमारती. मग भुलेश्वरचा बाजार.]

15 मार्च 1959. मुंबईतलं गिरगाव. एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. शिक्षण बेताचं, हाताला कला एकच, पापड लाटायची. भांडवल 80 रुपये, तेही उसने. दिले छगनलाल करमसी पारेख यांनी, ज्यांना सगळे छगनबापा म्हणत. त्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरमधल्या एका व्यापाऱ्याने घेतली.

पैसे देण्यापेक्षा छगनबापांनी दिलेल्या सल्ल्यांचा उपयोग जास्त झाला, असं आम्हाला वाटतं. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत होत्या. एक चांगला आणि एक जरा हलका, कमी भावात विकायला. धंद्यात नवा पडलेला कुणीही हेच करतो. समोरचा स्वस्त विकतो ना, मग आपणही एक स्वस्त माल ठेवू. छगनबापांनी ते बंद करायला लावलं. एकच पापड करा, चांगलाच करा, त्यात तडजोड नको. दुसरं, हिशेब चोख ठेवा, हा धंदा आहे, धर्मादाय नाही. बायकांनीही ठरवलं की तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही.

पहिल्या पावसाळ्यात काम चार महिने थांबलं. ऊन नाही, तर पापड वाळणार कसे? पुढच्या पावसाळ्यात त्यांनी खाट आणली आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. काम सुरू राहिलं. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये होती. 'लिज्जत' हे नाव 1962 मध्ये मिळालं. 1966 मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. खेळतं भांडवल मिळालं, करात सवलतीही मिळाल्या. त्यांचा आधार मोठा होता, हे सांगायलाच हवं.

[दृश्य : घर. दहा बाय बाराची खोली. जमिनीवर पोळपाट.]

आता या घरात या. भिंतीला टेकून बसलेल्या या ताईंच्या समोर पोळपाट, शेजारी ओल्या फडक्याखाली झाकलेल्या लाट्या. लाटणं फिरतं ते पापड स्वतःभोवती फिरेल अशा बेताने. हाताने पापड उचलून वळवायची गरज पडत नाही. आठ-दहा वेळा लाटणं फिरलं की गोल तयार. पोरं शाळेत गेलीत, डाळीचा कुकर लावलाय, मधूनच शिट्टी होते. सभासद होण्याआधी संस्थेच्या बहिणी घर पाहून जातात. जागा स्वच्छ आहे ना, पापड वाळत घालायला पुरेशी आहे ना, एवढंच बघायचं. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांना शाखेत पीठ मळायचं किंवा पाकिटं भरायचं काम मिळतं. दिवसभर खाली बसून कंबर धरते, गुडघे धरतात, हेही या कामात आलंच.

कारखान्याची इमारत नाही, म्हणून तिचं भाडं नाही. यंत्र नाही, म्हणून त्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज नाही. पापडाच्या धंद्यात यंत्रं कधीच आली आहेत आणि तासाभरात ढीग पाडतात. पण यंत्रवाल्याला ते यंत्र दिवसभर चालवावंच लागतं, माल खपो वा न खपो. इथे गुंतवणूक आहे पोळपाट-लाटण्याची आणि माणसांवरच्या विश्वासाची.

[दृश्य : वितरकाचा टेम्पो. खोकी चढतायत. नोटा मोजल्या जातायत.]

या टेम्पोवाल्याकडे बघा. वितरक माल उचलतो तो रोख मोजून. उधारी नाही. बाजारातले बाकीचे महिन्या-दोन महिन्यांची उधारी देतात, तेव्हा हा नियम पाळणं सोपं नसतं. पण वितरकाकडून रोख आली म्हणूनच लाटणाऱ्या बाईला तिची वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, वेळच्या वेळी देता येते. बाहेर उधारी दिली असती तर ती आतल्या बायकांच्या पोटातून काढावी लागली असती. स्पर्धेला तोंड देताना आधी कुणाला जपायचं, हे या एका नियमात ठरून गेलंय.

दूरदर्शनच्या काळात जाहिरातीतला कर्रम-कुर्रम करणारा ससा घरोघरी पोचला. तो बोलका बाहुला आपल्या रामदास पाध्ये यांनी घडवलेला. नावाला भाव आला, तसे नकली 'लिज्जत' पापडही बाजारात आले. बिहारमध्ये 2001 मध्ये असा माल पकडलाही गेला. संस्थेने मसाले, गव्हाचं पीठ, 'ससा' डिटर्जंट असं बरंच काही काढलं. चामड्याचं काम, काडेपेट्या, अगरबत्ती यांत हात पोळले, ते बंद केलं. 2019च्या सुमारास उलाढाल 1,600 कोटी रुपयांच्या घरात होती आणि सभासद बहिणी सुमारे 45,000. जसवंतीबेनना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

[दृश्य : शाखेतली बैठक. सतरंजीवर बसलेल्या बहिणी. संचालिका बोलतायत.]

ही बैठक आहे. पुरुष दिसतात ते हिशेबनीस, चालक, मदतनीस, सगळे पगारी नोकर. सभासद फक्त बायका. जात, धर्म, भाषा कुठलीही चालते. संस्थेचा कारभार 21 जणींची समिती बघते आणि त्यात येण्याची वाट पोळपाटावरूनच जाते. अध्यक्षपदापर्यंत पोचलेल्या ज्योती नाईक, स्वाती पराडकर याही लहानपणी पापड लाटूनच वर आलेल्या. बाहेरून मोठ्या पगाराचा व्यवस्थापक आणून वर बसवलेला नाही.

निर्णय बहुमताने होत नाही, एकमताने होतो. एकीचा जरी विरोध असला तरी विषय पुढे जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटेल. आम्हाला तसं वाटलं नाही. विरोध करणारी बाई उद्या सकाळी पुन्हा त्याच रांगेत डबा घेऊन उभी राहणार असते. तिचं म्हणणं ऐकून न घेता ठरवलेली गोष्ट तिच्या हातून नीट होईल, अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही.

[दृश्य : नव्या सभासदाची नोंदणी. प्रतिज्ञापत्रावर सही.]

या ताई आज पहिल्यांदाच आल्यात. प्रतिज्ञा वाचून झाली, खाली सही झाली. पोळपाट-लाटणं मिळालं, पिठाचा डबाही मिळाला. शेजारी उभ्या असलेल्या ताई त्यांना सांगतायत, पापडाची कड दुमडू नका, लाट्या उघड्या ठेवू नका, फडकं ओलं राहू द्या. आजपासून शाखेच्या नफ्यात त्यांचाही हिस्सा धरला जाईल, तीस वर्षं काम करणाऱ्या बाईएवढाच.